एका सत्राचा शब्द

४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले. सामान पोचलं, डोकंही अजून ठिकाणावर आहे. निघताना तू बजावलं होतंस की फोन करायचा नाही, कारण फोनवर मी नुसतं बरं बरं म्हणते आणि ठेवून देते. कागदावर निदान तुझं सगळं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून हे पत्र.

वसतिगृहातली खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खाटा, दोन टेबलं आणि एकच कपाट. खिडकीतून सायकली लावायची जागा दिसते. खोलीतली सोबतीण अठरा वर्षांची. मी आत पाऊल टाकलं तेव्हा तिने अदबीने उठून विचारलं की मुलीला सोडायला आलात का. मी म्हटलं की मुलगी मीच. बिचारी इतकी ओशाळली की तिने मला खिडकीजवळची खाट देऊन टाकली. ती माझ्याच वर्गात आहे आणि सदान्‌कदा झोपते, म्हणून मी तिचं नाव झोपाळू ठेवलं आहे.

काल पहिला तास झाला. मी दारातून आत गेले आणि सगळा वर्ग उभा राहिला! त्यांना वाटलं मीच शिकवणार. मी हातानेच बसा बसा केलं आणि जाऊन मागच्या बाकावर बसले. मग खऱ्या मॅडम आल्या, माझ्याहून बऱ्याच लहान, पायात पळायचे बूट, आणि त्यांच्यासाठी कुणी हललंसुद्धा नाही. तेव्हापासून पोरं मला हेडबाई म्हणतात.

पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटरकडून स्क्रीनवर आपलं नाव लिहून घ्यायचं. एवढंच. मी चार ओळी टाइप केल्या तर स्क्रीनभर लाल अक्षरं उमटली. एक कंस मिटवायचा राहिला होता. आपल्याकडे एक टाका सुटला म्हणून सबंध बाही हातात येत नाही, इथे येते. तास संपता संपता माझं नाव एकदाचं उमटलं, आणि मी इतक्या मोठ्याने हुश्श केलं की झोपाळू जागी झाली.

तुला हे सगळं खूळ वाटतं हे मला ठाऊक आहे. पण आपलं भरतकामाचं मशीन बंद पडलं तेव्हा कंपनीचा तो माणूस आला होता, आठवतं? त्याने काहीतरी टाइप केलं आणि मशीन आपोआप वेली काढायला लागलं. काय केलंत विचारलं तर मान वर न करता म्हणाला, ते तुम्हाला नाही कळायचं. ताई, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मला कळणार नाही हे दुसऱ्याने का ठरवायचं?

भाऊजींच्या साक्षीने दिलेला शब्द लक्षात आहे. एक सत्र. पास झाले तर पुढे शिकेन, नापास झाले तर मुकाट्याने दुकानात परत. शब्द मीच दिला आहे, तेव्हा तो पाळीन.

भाऊजींना नमस्कार. रागावली असलीस तरी पत्र लिही, तुझा लोभ मला रागासकट चालतो.

तुझी,
धाकटी

---

१५ जुलै

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि एक धपाटा.

धपाटा अशासाठी की पोचल्यावर लगेच लिहायचं सोडून तू चांगले आठ दिवस घेतलेस. मी मेले की जगले याचीही चौकशी पत्रात नाही. हेडबाई म्हणतात ते योग्यच आहे. लहानपणी बाहुल्यांनासुद्धा तू रांगेत उभं करायचीस.

दुकान ठीक. बँकेतल्या बाई कोट घेऊन आल्या होत्या. त्यांना तुझ्याच हातचं कातरकाम पाहिजे. मी सांगितलं की ती पुढे शिकायला गेली, प्रोग्रॅमिंग शिकते. त्यांनी भुवया कपाळात नेऊन विचारलं, या वयात? मला असा राग आला! मी म्हटलं की वय तिचं आहे, तुमच्या खिशातलं जात नाही. कोट घेऊन चालू लागल्या. तेव्हा लक्षात ठेव, बाहेरच्या माणसासमोर मी तुझ्या बाजूची आहे. घरात नाही.

तुझे भाऊजी म्हणतात की कॉम्प्युटर म्हणजे दुसरं काही नाही, करंट चालू किंवा करंट बंद. जन्मभर पंखे आणि मोटारी दुरुस्त करून त्यांनी तेच केलं आहे, तर काही अडलं तर त्यांना खुशाल विचार. हे सांगताना ते चुकीचा फ्यूज काढत होते. अख्खं दुकान अंधारात गेलं, पण चेहऱ्यावर काही फरक नाही.

आता एक स्पष्ट लिहिते, मागाहून कुरबुर नको. तुझ्या जागी मी कुणाला ठेवलेलं नाही. आई गेल्यावर दुकान आपण दोघींनी उभं केलं, एक कातरणार आणि एक शिवणार. मला तिसरं माणूस नको. तू नापास व्हावंस असं मला वाटतं, आणि हे मी लपवत नाही. पण टाळाटाळ करून, हुंदडून नापास झालीस तर मात्र खपवून घेणार नाही. नीट अभ्यास करून नापास हो.

वेळेवर जेव. डोळ्यांवर ताण येत असेल तर चष्मा करून घे, उगाच तरुण दिसायला जाऊ नकोस. पत्राला पत्र पाठवत जा म्हणजे लोभ आहे असं मी समजेन.

तुझी,
ताई

---

२९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी इच्छा निम्मी पुरी झाली. चाचणीत मी आपटले. वीसपैकी चार गुण, आणि ते चारही बहुधा नाव नीट लिहिल्याचे असावेत.

अभ्यास केला नव्हता असं नाही. वर्ग सुटल्यावर रोज लॅबमध्ये बसायचे, शिपाईदादा दिवे मालवायला आले की उठायचे. मॅडम शिकवतात ते कळतं. एकच काम पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं ते कळलं. त्याला लूप म्हणतात. एकाच जातीचे आकडे ओळीने कसे ठेवायचे तेही कळलं. एकाला एक चिकटून घरं असतात आणि एका घरात एक आकडा. सगळं कळतं, आणि उत्तर चुकतं. आठवड्याच्या सात दिवसांचं तापमान देऊन विचारलं होतं की सगळ्यात कमी कुठलं आणि सरासरी किती. ऐन उन्हाळ्याचा आठवडा! माझा प्रोग्रॅम म्हणाला, सगळ्यात कमी शून्य. सरासरीही भलतीच. पुढच्या दोन प्रश्नांतही तोच घोटाळा. लाल अक्षरं आली असती तर शोधता तरी आलं असतं. इथे प्रोग्रॅम गुमान चालतो आणि खोटं बोलतो.

मॅडमनी बोलावून घेतलं. फार समजुतीने बोलल्या. शुक्रवारपर्यंत अर्ज दिला तर विषय सोडता येतो, गुणपत्रिकेवर नापास असा शेरा येत नाही, आणि यात लाजण्यासारखं काही नाही, असं म्हणाल्या. पहिल्या बाकावरची पोरं तर सोडून गेलीही. मी अर्ज घेतला, नाव लिहिलं, आणि तिथेच थांबले.

ताई, आजवर एकही कपडा कुठे ओढतोय ते कळल्याशिवाय मी बाजूला टाकलेला नाही. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं तरी मी उसवून बघितलं आहे. इथे नेमकं कुठे ओढतंय तेच मला अजून कळलेलं नाही, मग सोडू कसं? अर्ज फाडला. आता रिकामा झालेला पहिला बाक माझा आहे.

झोपाळूला दया आली. ती वर्गात झोपते आणि तरी तिचं सगळं बरोबर येतं, देवाने काय डोकं दिलंय कोण जाणे. पुढचे गृहपाठ मीच करून देते म्हणाली. मी नको म्हटलं. तिला एवढंच सांगितलं की शेजारी बस आणि तोंड बंद ठेव. तोंड बंद ठेवणं तिला जमतं, कारण ती लगेच झोपते.

मन जरा खट्टू आहे, ते तुझ्याशी बोलून हलकं झालं. भाऊजींना नमस्कार, आणि तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

---

८ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. तू लहान असताना एखादी गोष्ट जमली नाही की जेवायची नाहीस, तशीच बसली असशील असं डोळ्यांसमोर आलं. जेवत जा ग बाई.

पण झालं ते झालं. आता आनंदाची बातमी ऐक. आपल्याकडच्या मोठ्या इस्पितळाने सगळ्या कर्मचाऱ्यांच्या कोटांचं काम आपल्याला दिलं! इतकी वर्षं ते बाहेरून शिवून आणत होते. त्यांच्या व्यवस्थापकबाई स्वतः दुकानात आल्या, शिवण उलटीसुलटी करून पाहिली आणि खूश झाल्या. डिसेंबरअखेर सगळे कोट द्यायचे आहेत. एकटीच्या हातून होणारं काम नाही हे मला समजत होतं, पण तुझं पत्र त्याच दिवशी आलं होतं. म्हटलं, वीसपैकी चार म्हणजे आता नोव्हेंबरच्या शेवटी ही घरी. मी होकार देऊन टाकला.

तुझ्या मशीनशेजारची खिडकी दुरुस्त करून घेतली आहे. आता उजेड थेट सुईवर येतो. खुर्चीलाही नवी गादी केली. तू आलीस की डिसेंबर कसा निघून जाईल कळणारसुद्धा नाही. पुन्हा पहिल्यासारखं होईल, तू कातरशील, मी शिवीन, आणि दुपारी चहा करायचा कुणी यावरून भांडण.

फार मनाला लावून घेऊ नकोस. सगळ्यांना सगळं यावं असं थोडंच आहे. आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे तो गुणांसाठी नाही.

तुझी,
ताई

ता. क. मी भाऊजी लिहीत आहे. पाकिटाला डिंक लावायला मला दिलं तेवढ्यात लिहून घेतो. ऑर्डर घेताना माझा सल्ला घेतलेला नाही. तू अभ्यास कर. करंट चालू किंवा बंद, एवढं ध्यानात ठेवलंस की पुरे.

---

२० सप्टेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, माझ्याच वाचण्यात काही चुकलं असेल. चुकलं नव्हतं. मी अजून परीक्षा दिलेली नाही, आणि तू माझ्या नापास होण्यावर काम घेऊन मोकळी झालीस. खुर्चीला गादीसुद्धा केलीस! मी नापास व्हावंसं तुला वाटतं हे तू तोंडावर सांगितलंस तेव्हा मला हसू आलं होतं. पण वाटणं वेगळं आणि धरून चालणं वेगळं. तो मशीनवाला माणूस परका होता. तू परकी नाहीस, म्हणून जास्त लागलं.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते. पण काल जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, भांडण चालू असलं तरी.

मी येताना बेतायचा खाकी कागद बरोबर आणला होता, का ते विचारू नकोस, हाताशी असला की बरं वाटतं. काल रविवार. तो कागद जमिनीवर पसरला, खडूने घरं आखली आणि डब्यातली बटणं आकडे म्हणून घेतली. मग प्रोग्रॅमची एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि ती सांगेल तसं बटण उचलून घरात ठेवायचं, असा खेळ मांडला. झोपाळू खाटेवरून बघत होती, तिला वाटलं हेडबाईंचं काहीतरी बिनसलं. सोमवारचं बटण ठेवलं, मंगळवारचं ठेवलं, असं करत रविवारही संपला. आणि एक घर रिकामं राहिलं.

सात दिवसांना मी आठ घरं आखली होती. कागदावर, आत्ता, डोळे उघडे ठेवून! मग प्रोग्रॅम बघितला तर तिथेही आठ. चाचणीतल्या सगळ्या प्रश्नांत एकेक घर जास्तीचं. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. कापड कातरताना मापाला माप कधी कातरायचं नाही, शिवणीसाठी माया सोडायची, हे हातात इतकं भिनलंय की हाताने मला न विचारताच इथेही सोडली. कापडात ते जास्तीचं आतल्या बाजूला दुमडून जातं, कुणाला दिसत नाही. प्रोग्रॅममध्ये दुमडत नाही. त्या रिकाम्या घरात शून्य बसलेलं असतं, आणि कॉम्प्युटर ते आठव्या दिवसाचं तापमान म्हणून इमानाने मोजतो. म्हणून भर उन्हाळ्यात शून्य.

मी कागदावर बसून हसले, आणि मग जरा रडलेही. मठ्ठ असते तर गोष्ट वेगळी होती. मी मठ्ठ नाही, ताई. मला सवय मोडायची आहे, आणि ती मी मोडणार. आजपासून रोज पन्नास वेळा मापाला माप लिहायचं, आणि दर वेळी हात पुढे सरकला की मागे ओढायचा.

इस्पितळाला काय सांगायचं ते तू बघ. माझ्यावर विसंबू नकोस.

भांडण आहे, तरी लोभ काढून घेऊ नकोस. मीही घेतलेला नाही.

धाकटी

---

५ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर शि. सा. न. वि. वि. नव्हतं, नुसता नमस्कार. शेवटी तुझी हा शब्दही नव्हता. मी पाहिलं. ठीक आहे.

माया सोडायला मी शिकवलं म्हणून तू चाचणीत आपटलीस असं तू लिहिलेलं नाहीस, पण तुझे भाऊजी ते वाचून माझ्याकडे बघून हसले. माझ्यावर ढकलू नका म्हणावं. मी कापडाचं शिकवलं होतं.

काम सोडलेलं नाही, सोडणारही नाही. एवढं चालून आलेलं काम परत केलं तर पुन्हा कुणी दारात उभं राहणार नाही. सकाळी लवकर दुकान उघडते, कातरते पण मीच आणि शिवते पण मीच. काजं करून झाली की तुझे भाऊजी बटणं लावतात. पहिल्या दिवशी त्यांनी सगळी बटणं आतल्या बाजूने लावली. मी ती उसवून पुन्हा दिली. आता बरी लावतात, फक्त प्रत्येक बटणाला मोटारीच्या तारेसारखा दोरा गुंडाळतात. इस्पितळ पडलं तरी बटण निघायचं नाही.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. काम घेतलं ते तू हरशील म्हणून नाही घेतलं. मला एकटीला दुकानात करमत नाही. समोर तुझं मशीन झाकलेलं दिसतं आणि दिवस जाता जात नाही. हे लिहिण्यासाठी मला दोन कागद फाडावे लागले, तेव्हा यावर उलट काही लिहू नकोस.

चूक सापडली हे चांगलं झालं. तुझं चांगलं झालं म्हणजे माझं काय होणार, ते मला माहीत नाही. तरी परीक्षा जपून दे.

आहे तो लोभ तुझाच, वेगळा मागावा लागत नाही.

ताई

---

३० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज निकाल लागला. तू दिवस मोजत असशील, म्हणून आधी तेच लिहिते. मी नापास झाले.

शेवटचा पेपर चांगला गेला होता. मॅडमनी मुद्दाम बोलावून सांगितलं की वर्गातल्या चांगल्या पेपरांत माझा आहे, आणि जास्तीचं घर कुठेही नाही. पण चाचणीचे गुण त्यात धरतात. त्या चारांनी मला खाली ओढलं, आणि पास व्हायला थोडे कमी पडले. झोपाळू माझ्यापेक्षा जास्त रडली. ती पहिली आली आहे.

जानेवारीत नवा वर्ग सुरू होतो. नापास झालेल्याला त्यात पुन्हा बसता येतं. तीच मॅडम, तीच लॅब, पहिल्या धड्यापासून.

ताई, मी शब्द दिला होता. नापास झाले तर मुकाट्याने परत, असं मीच म्हटलं होतं, भाऊजींसमोर. आजवर तुला दिलेला शब्द मी कधी मोडलेला नाही, ते तूही कबूल करशील. दुपारी बॅग भरायला घेतली होती. कपडे भरले, खाकी कागदाची गुंडाळी ठेवली. मग बॅग पुन्हा रिकामी केली.

मी येणार नाही. सबब काही सांगत नाही. गुण थोडेच कमी पडले म्हणून नाही, मॅडमनी कौतुक केलं म्हणूनही नाही. मला हे येतं आहे. आता कुठे यायला लागलं आहे, आणि ते अर्ध्यात टाकून मला दुसरं काही करायचं नाही. शब्द देताना मला हे माहीत नव्हतं. तो मी मोडते आहे, आणि तुझी मर्जी गेली तरी मोडणार आहे. नव्या वर्गातही पोरं उठून उभी राहतील, राहू देत. पुन्हा सांगेन बसा म्हणून.

कोटांसाठी मात्र येईन. सुट्टी लागली आहे, डिसेंबरभर तुझ्याबरोबर बसून सगळे संपवून देईन. पण जानेवारीत परत जाईन. तू तोंड फिरवून बसलीस तरी शिवायला बसेन आणि तरी परत जाईन.

भाऊजींना सांग की साक्षीदार म्हणून त्यांनी माझ्याविरुद्ध बोलायला हरकत नाही. लोभ उरला असेल तर कळव, नसेल तरी कळव.

तुझी,
धाकटी

---

१० डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. पहिली ओळ वाचली आणि मला आनंद झाला. लपवत नाही, झाला. गिऱ्हाइकाला सांगून टाकलं की माझी बहीण येते आहे, आता कामाला उशीर व्हायचा नाही. मग पुढचं वाचलं. गिऱ्हाइकाला बाहेर काढून दुकान भर दुपारी बंद केलं आणि घरी येऊन तुला इतकं बोलले की तुझे भाऊजी बादली घेऊन झाडांना पाणी घालायला गेले. आपल्याकडे झाडं नाहीत.

दोन दिवस बोलत होते. मग बोलणं संपलं. पास झाली असतीस तर मी म्हटलं असतं की चढून गेली, नशीब तिचं, उतरली की येईल. तू नापास झालीस, लाज वाटत असताना सगळं खरं लिहिलंस, आणि तरी पुन्हा पहिल्या धड्यापासून बसायला निघालीस. म्हणजे तुझं मन खरंच तिथे आहे. तिथे तुला कुणी धरून ठेवलेलं नाही. मीच इथे वाट बघत बसले होते.

तिसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर पाटी लावली, कारागीर पाहिजे. लिहिली तुझ्या भाऊजींनी, लावली मी. संध्याकाळच्या आत एक बाई आली. हात चांगला आहे, बडबड फार आहे, चहा मात्र न सांगता करते. तिला तुझ्या मशीनवर बसवलं. पहिला सबंध दिवस मी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. आज पाहिलं. कोट वेळेवर होतील.

तेव्हा कोटांसाठी धावत येऊ नकोस. पाहुणी म्हणून ये, चार दिवस राहा, पोटभर जेव, झोप काढ, आणि वर्ग सुरू व्हायच्या आत चालती हो. शिवायला बसेन म्हणालीस, तर आता बसायचं कुठे?

तुला दिलेला शब्द मोडलास म्हणून मी रागावलेली आहे, आणि बरी रागावलेली आहे. लोभ आहे का विचारलंस. तुझी जागा दुसरीला दिली, तो त्याच्यातच आला असं समज.

तुझी,
ताई